पिराजीनं धरलेल्या जागा

पिराजी इस्त्रीवाल्याचं दुकान आपल्या गल्लीच्या तोंडाला, तालमीच्या भिंतीला चिकटून. दुकान म्हंजे काय गं, एक फळी, वर पत्रा, आणि मागं दोरीवर लटकलेली समद्या गल्लीची कापडं. आता लाईटची इस्त्री घेतलीया, पर कोळशाची टाकून दिली न्हाय. लाईट गेली की ती भाईर काढतो आणि म्हणतो, "हिला बिल येत न्हाय." लिहिलंस का सई? पटापट लिही, मी थांबलो की इसरतो. आणि आजीचं 'थांबलो', 'गेलो' तसंच ऱ्हाऊ दे, कोल्हापुरात आम्ही बायका असंच बोलतो.

वयानं माझ्याएवढाच असंल. मला वैनी म्हणतो, मी भावजी म्हणतो, कारण तुझ्या आजोबांचा त्यो दोस्त. बायको पारूबाई लवकर गेली. लेक मुरगूडला दिलीया. ती सणाला येती आणि म्हणती, "आप्पा, चला की तिकडं ऱ्हायला." ह्यो म्हणतो, "मॅच हाईत गं." ऐन पावसात सुदिक त्येचं तेच उत्तर. आगं, पावसात कसल्या मॅच? पर लेकीनं इचारायचं आणि ह्येनं तेच सांगायचं.

आपली चिंचेची तालीम तुला ठाऊकच हाय. हौदात आता कुस्ती कोण खेळतंय? दसऱ्याला माती तेवढी उकरत्यात. पर तालमीचा फुटबॉलचा संघ हाय, आणि कोल्हापुरात तालमीचा संघ म्हंजे घरातलंच माणूस. माझं लग्न ठरवाय आलं तवा आमच्या बापानं इचारलं, पोरगा काय करतो? तर तुझ्या आजोबांच्या थोरल्या भावानं सांगितलं, "चिंचेच्या तालमीचा हाय." बस, झालं. नोकरी काय, शेत किती, कुणी इचारलंच न्हाय.

आम्ही बायका काय मॅच बघाय जात नव्हतो. आमची मॅच गच्चीवर. दुपार कलली की वाळवण गोळा करायच्या निमतानं वर जायचं आणि कान द्यायचा. स्टेडियमचा आवाज छपरावरनं सरळ येतो. आपला गोल झाला की भांड्याची मांडणी पडल्यागत आवाज फुटायचा. त्येंचा झाला की आदी एकदम गप, मग दुसऱ्या अंगानं आरडा. चिमणाबाई पलीकडच्या गच्चीवरनं वरडायची, "आज काय आमच्यात जेवान गोड लागायचं न्हाय गं बायांनो!" नवरा उंबऱ्यात यायच्या आदी आम्हाला कळलेलं असायचं, बोलायचं का गप ऱ्हायाचं.

मग त्यो आवाज बारीक हुत गेला. भांडणं झाली, काठ्या बसल्या, बायकांनी पोरांना घरात दाबून धरलं. पुढं मॅच मोबाईलवर दिसाय लागली. पोरं म्हणायची, उनात कशाला जायचं, हितं पंख्याखाली दिसतंय की. एकदा मी गच्चीवर उभा हुतो आणि मला शिट्टी ऐकू आली. पंचाची शिट्टी. सई, इतक्या वर्सात मी कधी शिट्टी ऐकली नव्हती. माणसांच्या आवाजाखाली ती दबून जायाची. त्या दिवशी आली अशी, बारीक, नीट, जणू माझ्याच कानात कुणी वाजवली. मग बॉलला लाथ मारल्याली ऐकू आली. धप्. मग काय न्हाय. चिमणाबाई माझ्याकडं बघाय लागली, मी तिच्याकडं. तिनं वाळवण तसंच टाकलं आणि खाली गेली.

आता पिराजीचं सांगतो. पिराजी मॅचला काय करायचा? जागा धरायचा. स्टेडियमच्या पायऱ्यांवर एक बाजू आपल्या तालमीची, आणि त्यात बी कुणी कुठं बसायचं हे ठरल्यालं. सकाळी गल्लीतला गडी पिराजीच्या फळीवर आपला टॉवेल टाकून कामाला जायचा. पिराजी टॉवेल झटकायचा, इस्त्री फिरवायचा, आणि दुपारी समदं टॉवेल घेऊन जाऊन ज्येच्या त्येच्या जागंवर हातरून यायचा. त्येला कुणी सांगितलेलं न्हाय, पगार न्हाय, काय न्हाय. पर कुणाचा टॉवेल कुठल्या पायरीला हे त्येच्या अंगात मुरल्यालं.

बाबासो म्हणून तालमीचं एक म्हातारं हुतं. मोठ्या आवाजाचं. खेळणारा पोरगा बॉल घेऊन घोटाळाय लागला की ह्यांनी उठून वरडायचं, "आरं बॉल हाय त्यो, लेकरू न्हवं! किती खेळिवतोस? हान की!" समदी बाजू हसायची. ते बाबासो फायनलच्या आदल्या दिवशी गेलं. टॉवेल पिराजीच्या दुकानात इस्त्री करून तसाच. पिराजीला काय सुचंना. त्येनं दुसऱ्या दिवशी त्यो टॉवेल नेला आणि बाबासोंच्या जागंवर हातरला. तिथं कुणी बसलं न्हाय. आणि आपण जिंकलो.

झालं! तालमीत ठरलं, माणूस गेलं की घरच्यांनी टॉवेल पिराजीला द्यायचा, आणि वर्सभर त्येची जागा राखायची. वर्सश्राद्ध झालं की उचलायचा. चांगलीच रीत हाय की. पर वर्सश्राद्ध आलं तवा संघ जिंकत हुता. जिंकत असताना टॉवेलाला कोण हात लावंल? पुढच्या वर्सी हराय लागला. हरताना उचलला आणि आणखी हरलं तर? आसं करत करत बाबासोंचा टॉवेल काय उचलला न्हाय. मग दुसऱ्याचा आला, तिसऱ्याचा आला. करोनात तर घराघरातनं आले. तुझं आजोबा गेलं तवा त्येंचा लाल काठाचा टॉवेल मीच धुऊन नेऊन दिला. पिराजीनं दोन्ही हातानं घेतला आणि म्हणाला, "वैनी, पायरीच्या कडंची जागा हाय त्येंची. गुडघा दुखायचा नव्हं." मला बरं वाटलं गं. घरात माणूस न्हाय, पर कुठंतरी त्येची जागा हाय.

पर आता तू बघ काय झालं ते. जितं माणूस येईना आणि गेलेल्यांची जागा उठंना. एखादं नवं पोरगं यायचं, बसाय लागायचं, की पिराजी म्हणायचा, "तितं न्हाय रं. तितं सावंताचं काका हाईत."

"कुठं हाईत?"

"दिसत न्हाईत म्हणून न्हाईत व्हय? वर सरक."

पोरगं वर सरकायचं. तितं बी कुणीतरी असायचं. शेवटी कंटाळून जिन्याजवळ उभा ऱ्हायाचं आणि पुढच्या मॅचला यायाचं न्हाय. पिराजीला वाटायचं, आजकालच्या पोरांना दम न्हाय.

मोनाचं तूच मला सांगितलंस, आता तूच लिहिताना थबकू नकोस. तुझी ती हॉस्टेलातली मैतरीण, भंडाऱ्याकडची. तिला कोल्हापूरचा फुटबॉल बघायचा म्हणून तू घेऊन गेलतीस. तिला काय ठाऊक, बसली की टॉवेलावर. नेमकी बाबासोंच्या. पिराजी वरनं वरडत खाली आला, "ए पोरी, ऊठ! ऊठ तितनं!" आणि तवाच खाली आपल्या संघातल्या अतुलनं बॉल घेऊन घोळवाय सुरुवात केली. मोना ताडकन उभी ऱ्हायली आणि वरडली. कसली वरडली ते तू मला त्या दिवशी घरात येऊन सांगितलंस. "आरं बॉल हाय त्यो, लेकरू न्हवं! किती खेळिवतोस? हान की!"

भंडाऱ्याची पोरगी. बाबासो गेलं तवा तिचा जन्म सुदिक नसंल.

पिराजी जिथं हुता तिथंच थांबला. टोपी काढली. मोना खाली बसली आणि तुला म्हणाली, "काय गं, सगळे माझ्याकडे का बघतायत? मी काय बोलले?" तू तिला सांगितलं न्हाईस. बरं केलंस. पिराजी तिला एवढंच म्हणाला, "बस बाळा. बस तू."

त्यानंतर दोन-चार दिवसांत गुरुप्रसाद पिराजीच्या दुकानात आला. त्यो आता तालमीचा अध्यक्ष, बँकेत हाय, आपल्या समोरच ल्हानाचा मोठा झाला. मी साडी घ्यायला गेलतो, म्हणून समदं माझ्या कानावर पडलं.

"काका, एक सांगायचं हाय. रागावू नका."

"रागावल्याशिवाय सांगायसारखं हाय का?" पिराजी इस्त्री थांबवंना.

"ह्या वर्सी पैसं देऊन टी-शर्टवर आपलं नाव घालणारा पावणा मागं फिराय लागलाय. म्हणतोय, तुमच्या बाजूला माणूसच दिसत न्हाय तर माझं नाव बघणार कोण? रविवारच्या मॅचला त्यो स्वतः येणार हाय. बाजू रिकामी दिसली तर त्यो गेला, आणि त्यो गेला की आम्ही संघ काढून घेतोय. तालमीत ठरलंय. अतुलला वरच्या पेठेच्या संघाचं बोलावणं आलंय. बाकीची पोरं बी जातील."

"बाजू रिकामी न्हाय," पिराजी म्हणाला. "भरल्याली हाय."

"काका, कॅमेऱ्यात माणसं दिसत न्हाईत, टॉवेल दिसत्यात. मोबाईलात मॅचच्या खाली लोकं लिहित्यात, चिंचेच्या तालमीनं लाँड्री वाळत घातलीया. हसत्यात हो आपल्याला."

"हसू देत."

"आणि जी चार पोरं येत्यात त्येंना तुम्ही बसू देत न्हाई. काका, संघ मोडला तर ह्या टॉवेलांचं काय करणार? घरात घड्या घालून ठेवणार?"

पिराजीची इस्त्री जिथल्या तिथं थांबली. मला जळका वास आला. "भावजी, साडी!" म्हटलं तवा त्येनं उचलली. पिराजीच्या हातनं कापड जळल्यालं मी पयल्यांदा बघितलं. ती निळी साडी अजून हाय माझी, पदराला तपकिरी डाग घेऊन.

दुसऱ्या दिवसापास्नं पिराजी घरोघर फिराय लागला. ज्येच्या ज्येच्या घरातला टॉवेल हाय, त्येच्या दारात जायचं, पाणी प्यायचं आणि इचारायचं, "उचलू का?" कुणी म्हणालं, आप्पा, तुम्हाला बरं वाटंल तसं करा. कुणाची सून म्हणाली, "कसला टॉवेल? आम्हाला न्हाय बाई ठाऊक." हे त्येला लई लागलं. शेवटी माझ्याकडं आला. चहा दिला तर कप हातातच धरून बसला.

"वैनी, मला कळंना झालंय. संघ मोडला तर ह्या माणसांनी बसायचं कुठं? आणि संघ ठेवायचा तर आधी ह्यांनाच उठवाय लागतंय. माझ्या हातानं."

मी म्हटलं, "भावजी, उठायचं का न्हाय हे मला कशाला इचारताय? त्येंनाच इचारा की."

मी आपलं सहज म्हटलं हुतं. पिराजीनं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बरोबर हाय तुमचं. पर रविवारी तुम्ही बी चला. तुमच्या मालकांनी माझं कधी ऐकलंय?"

रविवारी दुपारी, मॅचच्या बऱ्याच आदी, आम्ही गेलो. मी पयल्यांदाच आत पाय ठेवला. मला वाटलं हुतं लई मोठं असंल. मोठं हाय, पर रिकामं असलं की ते मोठं वाटत न्हाय गं, कुणीतरी श्वास धरल्यागत वाटतं. वारा न्हाय. एक पाखरू न्हाय. पिराजीनं टॉवेलांचं बोचकं सोडलं आणि एकेक टॉवेल जागंवर हातराय लागला.

"भावजी, उचलायला आलोय नव्हं? मग हातरताय कशाला?"

"आदी बसवायला पायजेत, वैनी. मग सांगायचं. उभ्या माणसाला असलं काय सांगत्यात व्हय?"

हातरून झालं तशी आपली बाजू खरंच भरल्यागत दिसाय लागली. चौकटीचं, पट्ट्याचं, पांढरं, इटलेलं, समदं टॉवेल. पिराजी खालच्या पायरीवर उभा ऱ्हायला, टोपी काखेत घेतली, आणि बोलाय लागला. मोठ्यानं न्हाय, पंगतीत वाढताना बोलावं तसं.

"मंडळी, आज पोरं येणार हाईत. बायका बी येणार हाईत. बसाय जागा लागणार. तुम्ही लई वर्सं बसलाय. आता मी एकेकाला हात देतो. गडबड करू नका."

मग त्यो पयल्या टॉवेलाजवळ गेला. बाबासोंच्या. वाकला, हात पुढं केला, आणि थांबला. आगं, म्हाताऱ्या माणसाला उठवताना आपण थांबतो न्हाय का, त्येचं वजन आपल्या हातावर यायची वाट बघत, तसा. मग त्येचा हात खाली दबला. मी माझ्या डोळ्यानं बघितला. दबला आणि वर आला. मग त्येनं टॉवेल उचलला. सकाळी कडक इस्त्री केलेला टॉवेल, सई, बसून उठल्यागत चुरगाळलेला निघाला.

मी खालच्या फरशीला हात लावून बघितला. थंडीचे दिवस, त्या बाजूला सावली. पायरी बर्फागत गार. आणि टॉवेलाखालची जागा कोमट. कुणीतरी आत्ताच उठून गेलंय अशी.

मला पळून जावं वाटलं. खोटं कशाला सांगू? पर पिराजी आपला एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा, बोलत बोलत चालला हुता. "काका, धोतर सांभाळा. आण्णा, चष्मा घेतला का?" मधी एकाजवळ बराच थांबला आणि म्हणाला, "हट्टी हाय. मॅच संपल्यावर जावई न्यायला आला तरी लवकर उठायचा न्हाय."

शेवटी लाल काठाचा टॉवेल ऱ्हायला, पायरीच्या कडंला. पिराजी बाजूला झाला. माझ्याकडं बघितलं.

मी काय बोलणार? जित्तं असताना मी त्येंना कधी नावानं हाक मारली न्हाय. मी म्हटलं, "अहो, उठा आता. गुडघा सांभाळून." आणि पदर सावरून वाट दिली. मला तंबाखू-चुन्याचा वास आला. आला न्हाय, माझ्या समोरनं गेला. आधी तोंडाशी, मग खांद्याशी, मग मागं. मी मागं वळून बघितलं न्हाय. धीरच झाला न्हाय.

टॉवेलांची घडी घालून पिराजीनं बोचकं बांधलं. टॉवेलाचं बोचकं, किती वजन असणार? येताना एका हातात आणलं हुतं. जाताना त्यो कमरेत वाकून चालत हुता. गेटातनं भाईर पडताना थांबला, मागं वळून पायऱ्यांवर नजर फिरवली, कुणी ऱ्हायलंय का म्हणून. मग मला म्हणाला, "तुम्ही थांबा. तुमची जागा हाय आता ती."

त्या दिवशी माणूस आलं गं! गुरुप्रसादनं मोबाईलवर समद्यांना कळवलं हुतं, बायकांनी पोरं आणली, पोरांनी मैतर आणले. चिमणाबाई डबा घेऊन आली आणि म्हणाली, "गच्चीवरनं बघितलं काय, हितनं बघितलं काय, मला कळणार काय त्यातलं?" तू आणि मोना बसला, आठवतंय? त्यो टी-शर्टवाला पावणा समोर खुर्चीत बसून वळून वळून बघत हुता.

मी माझ्या जागंवर बसलो. पायरी अजून कोमट हुती.

मॅच सुरू झाली आणि चिमणाबाईचं बघ, जी बाई मला कळणार न्हाय म्हणत हुती, ती उठून पंचाला म्हणती, "आरं डोळं हाईत का बटाटं?" हे तिचं बोलणं न्हवं. हे तिच्या दिराचं. त्यो गेला त्येला किती वर्सं झाली. पलीकडं एक कॉलेजचं पोरगं हाताची घडी घालून, मान तिरकी करून बसलं हुतं, हुबेहूब सावंताच्या काकांगत, आणि त्येच्या आईला ठाऊक बी न्हाय सावंत कोण ते. समदी हसत हुती, वरडत हुती, कुणाला काय कळत नव्हतं. मला कळत हुतं. आणि मग मी उभा ऱ्हायलो. का उभा ऱ्हायलो मला ठाऊक न्हाय, माझा डावा गुडघा असा कळवळला, ज्यो कधी दुखला न्हाय, आणि मी हात वर करून वरडलो. समदी माझ्याकडं बघाय लागली. खाली तवा काय झालंच नव्हतं. अतुल नुसता बॉलकडं पळत हुता. मग त्येनं मारला. मग गोल झाला.

पुढं त्येंनी दोन मारले, आपण हरलो. पर पावण्यानं माणसं बघितली. संघ ऱ्हायला. गुरुप्रसादनं मला वाकून नमस्कार केला आणि इचारलं, "आजी, पिराजीकाका कुठं हाईत?"

पिराजी आलाच नव्हता.

पुढच्या मॅचला बी आला न्हाय. गुरुप्रसाद दुकानात जाऊन सांगून आला, काका, पयली जागा तुमची, चला. ह्येनं नको म्हणून मान हलवली आणि इस्त्री करत बसला. मला काळजी वाटाय लागली. मग तिसऱ्या मॅचला, तुम्ही समदी तिकडं गेल्यावर, मी झुणका-भाकरी बांधली आणि त्येच्या घराकडं गेलो. दुपारची येळ. गल्लीत चिटपाखरू न्हाय, समदी मॅचला. दुकान बंद, पर घराचं दार लोटल्यालं.

मी दार ढकललं.

"कडंनं या, वैनी," पिराजी आतनं म्हणाला. "भिताडाला धरून या."

त्येच्या एका खोलीच्या घरात फरशी दिसत नव्हती. ह्या भिताडापास्नं त्या भिताडापर्यंत टॉवेल हातरलेले. वळीनं, पायऱ्यांवर असायचे तसेच. समोर पिठाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केलावता, त्यात मॅच चालू. पिराजी एका कोपऱ्यात, डब्याजवळ, मांडी घालून बसलावता. लाल काठाचा टॉवेल चुलीच्या कडंला हुता. गुडघा पसरायला जागा ठेवून.

मी भिताडाला पाठ घासत गेलो आणि चुलीजवळ बसलो.

"भावजी, हे काय?"

"जित्ती माणसं तिकडं गेली," त्यो म्हणाला. "मग ह्यांनी जायचं कुठं?"

"आणि तुम्ही? तुमची जागा तिकडं धरलीया त्येंनी. पोरं वाट बघत्यात."

"मोबाईल कोण लावणार, वैनी? ह्यांच्यातल्या एकाला येत न्हाय. मधी जाहिरात आली की कावरंबावरं हुत्यात. मग मला बोट लावाय लागतं."

मला हसू आलं आणि हसताना कळलं, खोली किती गरम झालीया. दोन माणसांच्या खोलीत इतकी ऊब नसती. मोबाईलात बारकी बारकी माणसं पळत हुती. कॅमेरा आपल्या बाजूवर फिरला तवा मला तू दिसलीस, मोना दिसली, माणसावर माणूस बसलेलं. पिराजीनं डब्याजवळ वाकून बघितलं आणि खोलीकडं तोंड करून म्हणाला, "बघा. भरलीया का न्हाय? म्हटलं नव्हतं?"

आणि मग, सई, हे जसं झालं तसं लिही. त्या खोलीत एकदम समद्यांनी श्वास आत घेतल्यागत झालं. टॉवेलाचे काठ हलले, समदे एकदम. मला खांद्याला कुणीतरी घासून उठल्यागत वाटलं. पिराजी टाळी वाजवून म्हणाला, "गोल!"

मोबाईलात अजून बॉल मधीच हुता.

मग छपरावरनं आवाज आला. त्योच जुना, भांड्याची मांडणी पडल्यागत, कितीतरी वर्सांनी. पत्रा थरथरला. आणि त्यो आवाज ओसरल्यावर मोबाईलातल्या अतुलनं बॉल मारला आणि बारकी माणसं उड्या माराय लागली.

मी पिराजीकडं बघितलं. त्यो झुणका-भाकरीचं फडकं सोडत हुता.

"हे नेहमीच असं?" मी इचारलं.

"नेहमी," त्यो म्हणाला. "हरणार असलो तरी आदीच कळतं. मग मी मोबाईल बंद करतो. उगीच परत कशाला बघायचं?" त्येनं भाकरी मोडली आणि अर्धी माझ्याकडं सरकवली. "थांबा की आता संपंस्तोवर. तुमच्या मालकांनी पाय जवळ घेतलाय, नीट बसा."